छापून आल्यावर बारीक रेघा गायब: ठसठशीत सेरिफ फॉन्टचं नेहमीचं दुखणं

लग्नसराई आली की ही तक्रार येते, दुकानांच्या पाट्या बदलायची लाट आली की येते, आणि नवं हॉटेल उघडलं की मेन्यू कार्डासोबत हमखास येते. ठसठशीत सेरिफमध्ये, म्हणजे टोकांना आडवे पाय असलेल्या जाड-बारीक अक्षरांत, लिहिलेलं नाव स्क्रीनवर झकास दिसत असतं. जाड दांडे काळेभोर, त्यांना जोडणाऱ्या रेघा केसाएवढ्या, एकूण थाट राजेशाही. छापून हातात आलं की छोट्या ‘एन’चे दोन दांडे सुटे उभे, छोट्या ‘ई’ची मधली आडवी रेघ नाहीशी झाल्यामुळे तो ‘सी’ वाचला जातो, आणि देवनागरी नाव असेल तर शिरोरेषा जागोजागी तुटलेली. मग ग्राहक प्रेसला बोलतो, प्रेसवाला फाइलकडे बोट दाखवतो आणि डिझायनर मशीनवर घसरतो.

नाशिकमधल्या रविवार कारंजा, मेन रोड, कॉलेज रोड इथल्या कुठल्याही डीटीपीच्या टेबलावर हा वाद ऐकू येईल. बहुतेक वेळा फाइल ठीक असते, मशीनही ठीक असतं. अक्षरातल्या सगळ्यात बारीक रेघेला मिलिमीटरमध्ये एक जाडी आहे आणि ती कुणी मोजलेली नसते, एवढंच. खाली लक्षणं वेगवेगळी दिली आहेत, पण फिरून फिरून आपण त्या एका रेघेपाशीच येणार आहोत.

हे अक्षर मुळात असं का आहे

जाड आणि बारीक यांतला फरक टोकाला नेणारी ही रोमन, म्हणजे इंग्रजी लिपीतली, अक्षरं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलनं १७५७ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची आवृत्ती छापली तेव्हा त्यानं गुळगुळीत कागद आणि चांगली काळी शाई यांच्यावर बरीच मेहनत घेतली होती. त्याशिवाय बारीक रेघ कागदावर टिकतच नव्हती. पुढे पॅरिसमध्ये फिर्मँ दिदो आणि पार्मात जाम्बात्तिस्ता बोदोनी यांनी ती रेघ आणखी बारीक केली, सेरिफ सपाट आणि पातळ केले, जाडी सरळ उभ्या दांड्यात आणली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या अक्षरांचं वळण तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

कोरीव पत्र्यावर शाई खाचेत बसते आणि दाबाखाली कागद ती खाचेतून उचलून घेतो. त्यामुळे अगदी बारीक रेघही धारदार उतरते. याचा नमुना बघायला नाशिककरानं लांब जायची गरज नाही. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो, ती याच कोरीव पद्धतीची, इंटाग्लिओची छपाई. नोटेवरच्या त्या रेघा बघून कुणी म्हणालं, ‘नाशिकमध्ये एवढं बारीक छापतात, मग माझ्या कार्डावर का नाही?’, तर उत्तर हेच की तुमचं कार्ड त्या मशीनवर चढत नाही.

आपण आज ज्याला ठसठशीत सेरिफ म्हणतो तो लठ्ठ अवतार थोडा नंतरचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. लंडनमध्ये रॉबर्ट थॉर्नसारख्या टाइप ओतणाऱ्यांनी दांडे फुगवले आणि रेघा होत्या तशाच ठेवल्या. ही अक्षरं लॉटरीच्या आणि मालाच्या जाहिरातींसाठी, भिंतीवर चिकटवायच्या पत्रकांसाठी होती. म्हणजे मोठ्या आकारासाठी. पुढे अमेरिकेत १९२८ मध्ये मॉरिस फुलर बेंटनचा अल्ट्रा बोदोनी आला, आणि अलीकडे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा टाइपटुगेदरचा अब्रिल फॅटफेस याच घराण्यातला. स्वभाव तोच: लांबून हाक मारणारा, गोल पोटाचा, थोडा नाटकी. आकडे तर यातले फारच देखणे, विशेषतः इंग्रजी 2 आणि 5. परिच्छेद लिहायला हे अक्षर जन्माला आलेलंच नाही.

आधी रेघ मोजा

लक्षण कुठलंही असो, पहिली पायरी हीच. कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये मजकुराची प्रत काढा, ती प्रत कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे आकार बनवा), भरपूर झूम करा, सगळ्यात बारीक जागा शोधा (‘ई’ची आडवी रेघ, ‘एन’चा सांधा, सेरिफचं टोक) आणि तिच्यावर तेवढ्याच उंचीचा एक चौकोन काढा. चौकोनाची उंची म्हणजे तुमची रेघ. आकार मात्र छापायच्या खऱ्या मापाचा हवा. अर्ध्या मापात बनवलेल्या आर्टवर्कवर मोजून समाधान मानू नका.

हिशेब तोंडी जमतो. एक पॉइंट म्हणजे ०.३५ मिमी. उदाहरणापुरतं धरू की फॉन्टची बारीक रेघ अक्षराच्या पॉइंट साइजच्या दोन टक्के आहे. मग ७२ पॉइंटला ती अर्धा मिमी भरते, छान दिसते. २४ पॉइंटला ०.१७ मिमी. १४ पॉइंटला ०.१ मिमी. आणि ९ पॉइंटला, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावरच्या पदनामाच्या मापाला, ०.०६ मिमी. अक्षराचा जाड दांडा या सगळ्या मापांत ठणठणीत दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं फॉन्ट ‘बोल्ड’ आहे, काळजी नाही. बोल्ड दांडा आहे. रेघ नाही.

आता समोर ठेवायचे आकडे. आर्ट पेपरवर ऑफसेटला पांढऱ्यावर काळी रेघ पाव पॉइंट, म्हणजे सुमारे ०.०९ मिमी, ही मी खालची हद्द धरतो. गडद पार्श्वभूमीतून पांढरी काढायची असेल तर दुप्पट. स्क्रीन प्रिंटिंगला ०.३ मिमीच्या खाली जात नाही. हे माझ्या कामाचे आकडे आहेत. तुमच्या प्रेसवाल्या भाऊंना त्यांचा आकडा विचारा. चांगला प्रेसवाला लगेच सांगतो, आणि जो ‘सगळं येतं हो’ म्हणतो त्याच्याकडून आधी नमुना मागा.

ऑफिसातल्या लेझर प्रिंटरच्या प्रतीवर विसंबू नका, ही एक आडवाटेची सूचना. टोनर रेघ किंचित फुगवतो, त्यामुळे प्रूफ ठणठणीत दिसतं आणि ऑफसेटला पंचाईत होते.

काळ्या किंवा मरून रंगात पांढरं नाव भरून गेलं

सगळ्यात जास्त येणारं लक्षण. शाई कागदावर थोडी पसरतेच. पांढऱ्यावर काळी रेघ असेल तर त्या पसरण्यानं रेघ जरा जाड होते, म्हणजे फायदाच. उलट छपाईत आजूबाजूची शाई आत सरकते आणि पांढरी रेघ गिळते. मॅपलिथोसारख्या शाई पिणाऱ्या कागदावर आणि वृत्तपत्राच्या कागदावर हे जास्त.

त्यात पार्श्वभूमी चार रंगांची असेल तर दुसरं संकट. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी असते आणि चारही प्लेट तंतोतंत बसत नाहीत, एखादी केसभर हलते. रेघ ०.१७ मिमी आणि प्लेट ०.१ मिमी हलली, तर पांढऱ्या जागेत उरलं किती? जे उरलं त्यातही निळी किंवा लाल कड दिसते.

उपाय सोपा आहे. पार्श्वभूमी एकाच शाईची ठेवा, निव्वळ काळी. ‘खोल काळा’ हवाच असेल तर एकच आधाराचा रंग द्या, आणि त्या रंगाच्या प्लेटमधली पांढरी अक्षरं किंचित मोठी कापायला सांगा, म्हणजे कड दाखवायला तो रंग रेघेजवळ येणारच नाही. मरून हवा असेल तर आणि कामाचा आकडा मोठा असेल तर वेगळी तयार शाई परवडते का ते विचारा. हे काहीच जमत नसेल तर नाव मोठं करा किंवा फॉन्ट बदला. तिसरा रस्ता नाही.

रंगीत अक्षर करवतीसारखं दिसतं

हे लक्षण बऱ्याच जणांना ओळखूच येत नाही. अक्षर फिकट तपकिरी, धुरकट गुलाबी, सोनेरीसारख्या पिवळ्यात दिलेलं असतं. असा फिका रंग ठिपक्यांनी बनतो. १५० लाइनच्या स्क्रीनला (एका इंचात ठिपक्यांच्या १५० ओळी) दोन ठिपक्यांतलं अंतर ०.१७ मिमी असतं. रेघच ०.१ मिमीची असेल तर ती दोन ठिपक्यांच्या मधून निसटून जाते आणि डोळ्याला तुटक टाके दिसतात. जाड दांड्यात तेच ठिपके गर्दीनं बसतात, म्हणून दांडा ठीक आणि रेघ फाटकी.

अशा फॉन्टला निदान एक शाई शंभर टक्के असू द्या. काळा शंभर, मजेंटा शंभर, काहीही. फिका रंग पार्श्वभूमीला द्या, अक्षराला नको.

लग्नपत्रिकेवर सोनेरी फॉइल तुटली

फॉइलला धातूचा ब्लॉक लागतो, तो गरम करून दाबतात. बारीक रेघ ब्लॉकवरच कमजोर असते, आणि खडबडीत हँडमेड कागदावर दाबली की कागदाच्या खळग्यांत फॉइल चिकटतच नाही. त्याच वेळी जाड भागांत उलटा त्रास होतो. ‘ए’ किंवा ‘ई’च्या पोटातली इवलीशी पांढरी जागा फॉइलनं झाकून जाते. म्हणजे एकाच शब्दात एक गोष्ट तुटते आणि दुसरी बुजते. दाब वाढवला तर बुजणं वाढतं, कमी केला तर तुटणं. कारागीर कितीही निष्णात असला तरी हा पेच त्याच्या हातात नाही.

इथे मी स्पष्टच सांगतो: खडबडीत कागद, फॉइल आणि टोकाचा जाड-बारीक फॉन्ट, या तिघांतले दोनच निवडा. वधूवरांची नावं ४८ पॉइंटच्या पुढे असतील आणि कागद गुळगुळीत असेल तर काम देखणं होतं, यात शंका नाही. वाइनच्या लेबलांवरही, आणि आपल्या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही, हाच नियम. ब्रँडचं नाव या फॉन्टमध्ये शोभतं, पण पोताच्या लेबल कागदावर फॉइल मारायची तर रेघ आधी जाड करून घ्या. मागच्या लेबलावरचा कायद्यानं सक्तीचा बारीक मजकूर मात्र साध्या फॉन्टमध्येच हवा.

‘आउटलाइन देऊन टाक ना’

हा सल्ला प्रत्येक प्रेसमध्ये मिळतो, आणि तो पूर्ण वाईटही नाही. अक्षराला त्याच रंगाची बारीक आउटलाइन दिली की रेघ जाड होते. पाव पॉइंटची आउटलाइन दोन्ही बाजूंना मिळून रेघेत पाव पॉइंटची भर घालते, कारण तिची निम्मी जाडी अक्षराच्या आत जाते. अडल्या वेळी चालवून घ्या. पण त्याचा मोबदला बघा: पोटातल्या पांढऱ्या जागा लहान होतात, कोपरे बोथट होतात, अक्षरं एकमेकांना चिकटतात. म्हणून आउटलाइन दिल्यावर अक्षरांमधलं अंतर थोडं सैल करा आणि कोपरे टोकदार ठेवायचा पर्याय निवडा.

मोठी गफलत पुढे होते. कोरलमध्ये आउटलाइनला ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ लावलेलं नसेल आणि प्रेसनं काम मोठं किंवा छोटं केलं, तर आउटलाइन तेवढीच राहते. कार्डावरून तीच फाइल बॅनरला गेली की रेघ पुन्हा केसाएवढी, बॅनरवरून कार्डाला आली की अक्षराचा गोळा. इलस्ट्रेटरमध्ये हीच खूण ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ नावानं आहे. सगळ्यात बरं म्हणजे आउटलाइनचंच कर्व्ह करून अक्षरात मिसळून टाका आणि मग फाइल द्या.

अक्षर दाबून बसवलं

पाटी लांबट आणि कमी उंचीची, म्हणून कुणीतरी नाव वरून दाबतं. या घराण्यात बारीक रेघा बहुतांश आडव्या असतात. उंची ७० टक्के केली की त्या रेघांची जाडीही ७० टक्क्यांवर येते, उभे दांडे मात्र तसेच. म्हणजे आधीच टोकाचा असलेला फरक आणखी वाढतो. आडवं दाबलं तर उलट, दांडे बारीक आणि पोट चेंगरलेलं. नाव बसत नसेल तर अरुंद घडणीचा फॉन्ट शोधा किंवा नाव दोन ओळींत तोडा. ओढाताणीला या फॉन्टइतका दुसरा कुठलाच नाजूक नाही.

फ्लेक्सवर जवळून ठीक, रस्त्यावरून मोडकं

फ्लेक्सची छपाई रेघ छापते. ती दिसत नाही, हा प्रश्न डोळ्याचा आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. दहा मीटरवर तो भरतो सुमारे ३ मिमी. तीस मीटरवर ९ मिमी. यापेक्षा बारीक रेघ एकदम नाहीशी होत नाही, पण फिकी पडत जाते, आणि उन्हात चमकणाऱ्या फ्लेक्सवर लवकर फिकी पडते.

मुंबई नाक्याच्या किंवा द्वारकेच्या चौकात साठ मीटरवरून वाचायचं होर्डिंग घ्या. रेघ साडेसतरा मिमी हवी. दोन टक्क्यांच्या हिशेबानं अक्षराचा साइज ८७५ मिमी, म्हणजे कॅपिटल अक्षर जवळपास दोन फूट उंच. हॉटेलच्या नावाला एवढी जागा मिळेल, ‘भव्य शुभारंभ’ ओळीला मिळेल का? आणि शुभेच्छुकांच्या नावांना? होर्डिंगवर हा फॉन्ट फक्त एका शब्दाला द्यावा आणि बाकी सगळं समान जाडीच्या अक्षरात, असं माझं मत आहे. सिंहस्थाच्या गर्दीत दिशा दाखवणाऱ्या फलकांवर तर हा फॉन्ट मुळीच नको. चालता माणूस घाईत आहे, त्याला बाणाशेजारी थाट नको, ‘रामकुंड’ हवं.

कापलेल्या अक्षरांचं दुखणं याच्या शेजारचं. व्हिनाइल कापलं तर एक मिमीच्या आतली पट्टी सोलताना उचकटते. ॲक्रिलिकची बारीक रेघ लावतानाच मोडते. आत दिवे बसवायचे असतील तर दांड्यात एलईडी मॉड्यूल मावतं, रेघेत मावत नाही, आणि रात्री गंगापूर रोडवरून दुकानाचं नाव म्हणजे प्रकाशाच्या उभ्या कांड्यांची रांग दिसते. अशा पाटीला अक्षर सुटं कापू नका. मागे एसीपीची (ॲल्युमिनियमच्या थराच्या पत्र्याची) सलग पाटी ठेवून अक्षर त्यावर छापा, किंवा पाटीच कोरून मागून उजेड द्या. कोरताना ‘ओ’च्या पोटाचा तुकडा गळून पडतो, त्याला मागून ॲक्रिलिकचा आधार लागतो.

वेबसाइटवर अक्षर फासलेलं दिसतं

इथे रेघ गायब होत नाही, उलट सगळं अक्षर लिबलिबीत जाड होतं. कारण जवळजवळ नेहमी एकच. अब्रिल फॅटफेस किंवा रोझा वन यांसारख्या फॉन्टला एकच वजन, म्हणजे जाडीची एकच पायरी, असतं, आणि ते वजन तांत्रिकदृष्ट्या ‘रेग्युलर’, म्हणजे ४००, म्हणून नोंदलेलं असतं. दिसायला कितीही जाड असलं तरी. ब्राउझर मात्र मुख्य मथळ्याला आपणहून बोल्ड मागतो. बोल्ड फाइल मिळत नाही, म्हणून तो स्वतःच अक्षर फुगवतो. मथळ्याचं वजन ‘नॉर्मल’ करा आणि फॉन्ट-सिंथेसिस बंद करा, झालं. वर्ड, पॉवरपॉइंट आणि कोरलमध्येही हा नियम पाळा: या फॉन्टवर ‘बी’चं बटण दाबायचं नाही.

रेघ खरोखर फिकी पडत असेल तर पिक्सेल मोजा. २० पिक्सेलच्या अक्षरात दोन टक्क्यांची रेघ ०.४ पिक्सेल होते. अर्ध्याहून कमी पिक्सेल म्हणजे राखाडी सावली. साध्या डेस्कटॉप मॉनिटरवर पूर्ण पिक्सेल मिळायला अक्षर ५० पिक्सेलचं लागतं. नव्या मोबाइलची पडदा-घनता तिप्पट असते, म्हणून तिथे १७ च्या आसपासही रेघ टिकते. डिझायनर मोबाइलवर दाखवतो, मालक दुकानातल्या जुन्या मॉनिटरवर बघतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या आर्टवर्कबद्दल एकच वाक्य: फोटो म्हणून पाठवलं की चित्र लहान होतं आणि जेपीजीच्या दाबानं रेघेभोवती मळ जमतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवायला सांगा.

देवनागरीत काय होतं

रोमनचा रुंद टाक ज्या बाजूला तिरपा धरतात त्याच्या उलट बाजूला बोरूचा काप असतो. त्यामुळे रोमन अक्षरात डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारा फराटा जाड, तर देवनागरीत जाडी दुसऱ्या कर्णावर पडते. दिदो-बोदोनी घराण्याची सरळ उभी जाडी देवनागरीत आणायची म्हणजे बोरूची सवय मोडून नवं वळण घडवायचं. इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हे त्यातलं फुकट मिळणारं आणि माझ्या मते धाडसी काम. टिम डोनल्डसन आणि ज्योतिष सोनोवाल यांनी तो रोमन आणि देवनागरी जोडीनं केला आहे, त्यामुळे दोन भाषांच्या पाटीला तो पहिल्यांदा लावून बघावा.

देवनागरीत बारीक जागा जास्त असतात. सांधे, गाठी, मात्रांच्या मुळाशी होणारं निमुळतं टोक, रफार. ज्या फॉन्टमध्ये शिरोरेषाही बारीक आहे तिथे अख्खा शब्द त्या एका रेघेवर टांगलेला असतो. ती उडाली की शब्दाचे सुटे तुकडे होतात. रोमनमध्ये एक ‘ई’ बिघडतो, इथे ओळच्या ओळ बिघडते. म्हणून देवनागरीसाठी वरच्या सगळ्या हद्दी मी दीडपट धरतो.

फॉन्ट घेण्याआधी तपासायचे शब्द ठरवून ठेवा. आमच्याकडे ‘त्र्यंबकेश्वर’ आयताच आहे: ‘त्र्य’चं जोडाक्षर, वर अनुस्वार, पुढे ‘श्व’. त्यासोबत ‘कुऱ्हाड’, ‘ॲडव्होकेट’, ‘द्राक्षे’ टाका. ‘ऱ्ह’मधला अर्धा र नीट येतो का, ‘ॲ’चा चंद्र शिरोरेषेला चिकटतो का, अनुस्वाराचा ठिपका जाड दांड्याच्या मानानं भोपळा झालाय का, ते दिसेल. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर फॉन्टमध्ये ते दडलेले असू शकतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडल्यावर पुष्कळ फॉन्टमध्ये ते आपोआप बदलतात. जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसली तर फॉन्टला शिव्या देण्याआधी इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जोडणारी सोय) चालू आहे का पाहा. आणि मजकूर जुन्या श्रीलिपीच्या कोडमध्ये टाइप केलेला असेल तर त्यावर कुठलाही युनिकोड फॉन्ट लावून अगम्य अक्षरंच येणार. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

पाट्यांबाबत कायद्याचाही मुद्दा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसलेलं हवं. दोन्ही नावांना एकच पॉइंट साइज देऊन काम भागत नाही. देवनागरी अक्षराला वरखाली मात्रांसाठी जागा सोडावी लागते, म्हणून त्याच साइजला ते रोमन कॅपिटलपेक्षा बुटकं दिसतं. काना आणि कॅपिटल यांची उंची पट्टीनं मोजून जुळवा. असं केलं की देवनागरी मोठी होते, आणि तिची रेघही वाचते.

दुरुस्ती टाळायची असेल तर

शिशाच्या टाइपच्या काळात प्रत्येक साइज वेगळा कोरला जायचा, आणि लहान साइजमध्ये रेघ मुद्दाम जाड ठेवायचे. संगणकानं एकच चित्र सगळ्या मापांना ताणायला सुरुवात केली तेव्हापासून आपलं हे दुखणं मागे लागलं. जोनाथन होफ्लर यांनी १९९१ मध्ये ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी दिदो केला तो यासाठीच सात वेगवेगळ्या मापांचा. आज फुकट मिळणाऱ्यांत बोदोनी मोडा घ्या. त्यात ६ ते ९६ पॉइंटपर्यंतची ‘ऑप्टिकल साइज’ची सरकपट्टी आहे. नव्या प्लेफेअरमध्ये ती ५ पासून १२०० पर्यंत जाते. कार्डावर छोटं नाव टाकायचं तर सरकपट्टी खाली आणा, रेघ जाड होते, अक्षर थोडं रुंद आणि सैल होतं, आणि घराणं तेच राहतं. प्रेसकडे जुना कोरल असेल तर असा व्हेरिएबल फॉन्ट तिथे उघडणार नाही, तेव्हा कर्व्ह करूनच द्या.

देवनागरीत अशी सरकपट्टी असलेला जोडीदार शोधत बसण्यापेक्षा मोठ्या नावाला रोझा वन आणि खालच्या ओळींना मार्टेल किंवा व्हेस्पर लिब्रे, ही माझी नेहमीची जोडी. दोघांनाही जाड वजनं आहेत आणि रेघा समंजस आहेत. मिसळीच्या मेन्यू कार्डावर ‘मिसळ’ हा मथळा आणि किमतीचे मोठे आकडे ठसठशीत सेरिफमध्ये, पदार्थांची यादी मार्टेलमध्ये, हे छान जमतं. फोन नंबर, पत्ता, जीएसटी क्रमांक मात्र ठसठशीत सेरिफमध्ये टाकू नका, कितीही आग्रह झाला तरी.

मोठ्या साइजला अक्षरं जवळ आणि ओळी घट्ट ठेवल्या की हा फॉन्ट खुलतो. लहान साइजला सैल सोडा. कॅपिटल ‘ए’ आणि ‘व्ही’ शेजारी आले तर त्यांच्यातली फट हातानं जुळवा, फुकटच्या फॉन्टवर तेवढा भरवसा नको.

शेवटचं काम म्हणजे खऱ्या मापात, खऱ्या कागदावर एक नमुना काढून तो हातभर अंतरावर धरून बघणं, पाटी असेल तर रस्त्याच्या पलीकडून. फॉइलचा ब्लॉक एकदा कोरला की त्यात बदल होत नाही, नवाच करावा लागतो. तेव्हा रेघ तपासताना वराच्या मामांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घही त्याच बैठकीत घरच्यांकडून वाचून घ्या.